एकत्र राहायला निघालात? मग कागदाचं आधी ऐका

"काकी, सात वर्षं एका घरात राहिलं की आपोआप लग्न झालंच ना?"

नाही. सात नाही, दहा नाही, पंधराही नाही. आपल्याकडे अशी कुठलीही मुदत कायद्यात लिहिलेली नाही. सात वर्षांचा आकडा आहे, पण तो बेपत्ता माणसासाठी. ज्याची खबरबात सात वर्षं कुणालाच मिळाली नाही, तो हयात नाही असं कोर्ट धरून चालतं. ज्या बंदरांतून होड्या जातात आणि एखादी परत येत नाही, तिथल्या बायकांना हा आकडा चांगला ठाऊक असतो. तो तिथून पोरांच्या डोक्यात लग्नाच्या खात्यात कसा शिरला, देवाक ठावक.

मी सावंतवाडीत दस्तलेखनाचं काम करते. भाडेकरार, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र, विशेष विवाहाची नोटीस, जे येईल ते. वकील नाही, आणि वकिलाची गरज असली की तसं तोंडावर सांगते. अलीकडे माझ्या टेबलासमोर बसणारी गिऱ्हाइकं बदललीत. बांदा-सावंतवाडीकडची पोरं-पोरी मोपा विमानतळावर, पेडण्याच्या औषध कंपन्यांत, कळंगुटच्या हॉटेलांत कामाला जातात. रात्रपाळी करून गाडी मारत घरी येण्यापेक्षा तिकडेच खोली घेतात. वर चिपळूण-खेडकडे लोटे एमआयडीसीत तेच. दोघांत घेतली तर भाडं निम्मं, आणि मग पुढे व्हायचं ते होतं. त्यात वाईट काही आहे असं मला वाटत नाही. माझ्या आईला वाटतं, पण ती हे वाचणार नाही.

ज्यांचं लग्नाचं पक्कं ठरलंय त्यांनी थेट शेवटाकडे जावं. बाकीच्यांनी बसा.

आधी वय, आणि आधीचं लग्न

जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका, ती कितीतरी जणांची अंदाजपंचे असते.

मुलीला १८ पूर्ण नसतील तर इथेच थांबा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, तिच्या संमतीला किंमत नाही. "तिच्या आईला माहीत होतं", "आम्ही लग्न करणारच होतो", यातलं काही कामाला येत नाही. ज्युनिअर कॉलेजातल्या पोरांनी हे दोनदा वाचा.

मुलगी १८ ची आणि मुलगा १९-२० चा असेल तर स्थिती जरा विचित्र आहे. मुलाला २१ लागतात म्हणून लग्न करता येत नाही, पण एकत्र राहता येतं. केरळच्या एका जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेमकं हेच सांगितलं. दोन सज्ञान माणसांनी स्वखुशीने एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे तर त्याच न्यायालयाने २००६ आणि २०१० मध्येही म्हटलेलं आहे. तेव्हा पोलीस ठाण्यात कुणी "लग्नाचा कागद दाखव" म्हणून दरडावलं, तर वयाचा कागद दाखवा. तेवढा पुरतो.

दुसरी गोष्ट आधीच्या लग्नाची. दोघांपैकी एकाचं जुनं लग्न अजून मोडलेलं नसेल, तर खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तुम्हाला लागू होत नाही. "ती माहेरी गेली ती गेलीच, आता काय संबंध नाय" म्हणजे घटस्फोट नव्हे. कोर्टाचा हुकूमनामा मागा आणि त्याची प्रत डोळ्यांनी बघा. मुलींनो, हे माझं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल. २०१३ च्या एका गाजलेल्या निकालात, पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असूनही त्याच्यासोबत अनेक वर्षं राहिलेल्या बाईला घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण नाकारलं गेलं.

कोर्ट तुम्हाला नवरा-बायको कधी धरतं

इंग्लंडमध्ये एके काळी विधीशिवाय, नुसत्या परस्पर कबुलीने लग्न होत असे. ते १७५३ च्या कायद्याने बंद झालं, तरी तिथले लोक अजून ते चालतं असं समजतात म्हणे. आपल्याकडे तसं लग्न नाही. आपल्याकडे आहे ते गृहीतक. पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम ११४ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ११९ झालं. त्याच्या आधारे, एक बाई आणि एक पुरुष वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले, लोकांनी त्यांना तसं मानलं, तर कोर्ट लग्न झालंय असं धरून चालू शकतं. समोरच्याला ते खोडून काढता येतं. १९७८ च्या ज्या निकालाचा दाखला सगळे देतात त्यातलं जोडपं जवळपास पन्नास वर्षं एकत्र होतं. पन्नास! तुमच्या दोन वर्षांच्या भाडेकराराच्या जोरावर कुणी हे गृहीतक मागायला जाऊ नये.

आणि हे गृहीतक बहुधा कधी उपयोगी पडतं? माणूस गेल्यावर, जमिनीच्या वाटपात, मुलं वारस आहेत की नाहीत यावर भांडण लागल्यावर. म्हणजे तुम्ही दोघं मजेत असताना त्याचा काही उपयोग नाही. भांडायला चुलते उभे राहतात तेव्हा आहे. २०२२ मध्ये केरळच्याच एका खटल्यात अशा आईवडिलांच्या मुलाला घराण्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन.

त्याहून लवकर उपयोगी पडतो तो २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा. त्यात लग्नाच्या बायकोबरोबर "विवाहासारख्या नात्यातली" बाईही येते. मारहाण, घराबाहेर काढणं, पैसे अडवून धरणं, या सगळ्यासाठी ती दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. राहत्या घरात राहण्याचा आदेश मागू शकते, खर्च मागू शकते. अर्ज लिहायला तालुक्याचे संरक्षण अधिकारी मदत करतात, १८१ वर फोनही करता येतो. मात्र हे फक्त बाईसाठी. पुरुषाला या कायद्याखाली दाद नाही.

"विवाहासारखं" म्हणजे काय, हे २०१० च्या निकालात सांगितलंय. दोघांनी समाजात जोडीदार म्हणून वावरायला हवं, दोघं लग्नाच्या वयाची हवीत, दोघांनाही लग्न करायला कायद्याने मोकळीक हवी, आणि बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेली हवीत, तेही एका घरात. शनिवार-रविवार आरोंद्याच्या रिसॉर्टवर जाणं यात येत नाही. न्यायालयाने हे जवळपास याच शब्दांत म्हटलंय, रिसॉर्ट तेवढं माझं.

उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झालीय. ते पाहून घाबरून विचारायला येतात. महाराष्ट्रात तसं काही नाही.

घरमालकाला मारलेली थाप

इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण दर दुसरं जोडपं हेच करतं. खोली बघायला जातात, मालकीण विचारते, "लगीन झाला मां?" हे "हो" म्हणतात. पोरगी गळ्यात शंभर रुपयांचं मंगळसूत्र घालून येते. वाडीत तो तिची ओळख "मिसेस" म्हणून करून देतो, गणपतीत जोडीने आरतीला उभे राहतात. सोपं पडतं, मान्य.

पण वरची पहिली अट परत वाचा: समाजात जोडीदार म्हणून वावरणं. उद्या मोडलं, तर मालकीण, शेजारीण आणि आरतीचे फोटो हाच पुरावा. तुम्हाला तसं नातं हवं होतं, तर तो पुरावा तुमच्या बाजूचा. दोघांपैकी एकाला नको होतं आणि तो नुसता खोली मिळावी म्हणून "मिसेस" म्हणत होता, तर त्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःविरुद्ध साक्ष तयार करून ठेवलीय. तेव्हा हे आधी आपसात ठरवा. आपण नवरा-बायकोसारखे राहतोय, की एका घरात राहणारे दोघे? जे ठरेल तेच सगळीकडे सांगा. घरमालकाला एक, बँकेला दुसरं आणि आईला तिसरं असं केलंत की कागद एकमेकांशी भांडायला लागतात.

नोंदणी होणाऱ्या कागदात तर थाप मारूच नका. भाडेकरारात "पत्नी" लिहून द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. दोघांची नावं भाडेकरू म्हणून शेजारी शेजारी लिहायला नात्याचा रकाना भरावा लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असायला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायला लागत नाही" असं अजून लोक सांगतात. ते चुकीचं आहे. आणि दोघांची नावं घालाच. एकाच्याच नावे करार असेल तर भांडणानंतर दुसऱ्याच्या पिशव्या व्हरांड्यात, आणि त्याच्याकडे दाखवायला काहीही नाही.

अनामत रक्कम कुणी किती भरली तेही करारात लिहून घ्या. सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून.

तिचे पैसे, त्याची जमीन

हे खरं दुखणं. तारकर्ली, देवबाग, आचरा, वेळागर, तिकडे गणपतीपुळे, सगळीकडे एकच कथा. पोरगा गावचा, पोरगी मुंबई-पुण्याची. दोघांनी शहरातली नोकरी सोडायची, गावच्या घरामागे माडांत चार खोल्या बांधायच्या आणि होमस्टे चालवायचा. कल्पना छान. आता सातबारा काढा. जमीन आजोबांच्या नावे, त्यांच्याखाली चुलते, आत्या, वारलेल्या आत्यांची मुलं, अर्धी परळला, एक कुटुंब बडोद्याला. घराचा असेसमेंटचा उतारा थोरल्या काकांच्या नावे. आणि बांधकामाचे दहा लाख पोरीचे.

तिला वाटतं चार खोल्या आपल्या दोघांच्या. पण बांधकाम साधारणपणे जमिनीच्या मागे जातं, आणि जमीन तिच्या जोडीदाराचीसुद्धा धड नाही, वीस जणांची आहे. चिरेवाला, वाळूवाला, पत्रेवाला, सगळ्यांना फोन त्यानेच केले, म्हणून बिलंही त्याच्या नावे. तिच्याकडे काय? मोबाइलमध्ये पाया खणतानाचे फोटो. लग्नाची बायको असती तरी जमिनीवर लगेच हक्क आला नसता, हेही खरं. पण नवरा गेल्यावर हिंदू वारसा कायद्याने ती पहिल्या वर्गातली वारस असते. जोडीदारीण कुठल्याच वर्गात नसते.

अशा वेळी मी काय करायला लावते ते सांगते.

पैसे हातात द्यायचे नाहीत. खात्यातून खात्यात, आणि कशासाठी ते शेऱ्यात लिहून. ते उसने आहेत की धंद्यातलं भांडवल, हे तिथेच ठरवायचं. उसने असतील तर रक्कम, मुदत आणि परतफेड लिहिलेला साधा करार. साध्या करारांना आता निदान ५०० चा स्टॅम्प लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही. भांडवल असेल तर भागीदारीपत्र करून फर्मची नोंदणी करायची. नोंदणी नसलेल्या फर्मचा भागीदार दुसऱ्या भागीदारावर कराराच्या हक्कासाठी दावा लावू शकत नाही, १९३२ च्या कायद्यातच ते आहे. आणि जमिनीसाठी हिस्सेदारांच्या सह्यांचा, नोंदवलेला भाडेपट्टा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी लागतेच. सह्या मिळणार नाहीत म्हणता? मग दहा लाख घालू नका. बडोद्याच्या आत्तेभावाची सही आज मिळत नसेल, तर होमस्टे चालायला लागल्यावर तर मुळीच मिळणार नाही.

"काकी, आमचा लिव्ह-इन करार करून द्या" म्हणणारेही येतात. इंटरनेटवरून नमुना आणतात, त्यात निष्ठा, घरकाम, सोडून गेल्यास दंड, काय काय. मी तो बाजूला ठेवते. नात्याच्या अटी कोर्टात कितपत टिकतील यावर पैसे लावायची माझी तयारी नाही. पैशांच्या अटी टिकतात. भाडं कोण देणार, फ्रिज कुणाचा, गाडीचं कर्ज कुणाच्या नावे आणि हप्ता कोण भरतंय, वेगळं झाल्यावर खोली कोण सोडणार. एवढंच लिहा, दोन पानांत बसतं.

मुलग्यांसाठी एक. "लग्न करीन" हे शब्द मनात नसताना वापरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ प्रमाणे, पाळायचा हेतूच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवणं हा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मनापासून दिलेलं वचन पुढे पाळता आलं नाही, ही गोष्ट वेगळी धरतात. पण ते सिद्ध होईपर्यंत ओरोसच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागतात.

आता मरणाचं. पंचविशीतली पोरं हसतात. मुंबई-गोवा महामार्गावरून रोज दुचाकी मारणाऱ्यांनी हसू नये. जोडीदार वारस नसतो, म्हणून मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मुसलमान असाल तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, हे रत्नागिरी-राजापूरकडच्या पोरांनी लक्षात घ्या. बँकेत नॉमिनी लावलात म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनीच्या हातात पैसे येतात ते वारसांसाठी सांभाळायला. आणि प्रॉव्हिडंट फंडात तर, कायद्याच्या व्याख्येतलं कुटुंब असेल, म्हणजे अवलंबून असलेले आईवडील धरून, तर बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन ग्राह्यच धरत नाहीत.

लग्न झाल्याने काय फरक पडतो हे एका आकड्यात सांगू? राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदारणीला दिलं तर खरेदीखतासारखं बाजारभावावर टक्क्यांनी. हा हिशेब ऐकून दोन महिन्यांत लग्नाची नोटीस द्यायला आलेली जोडपी मी पाहिलीत.

मूल होणार असेल तर जन्माची नोंद २१ दिवसांत करा, आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो. एकटी आई वडिलांचं नाव न देताही मुलाचं पालकत्व मागू शकते, हे २०१५ मध्ये ठरलंय.

कॅनडाला गेलात तर उलटं

आपल्याकडची बरीच पोरं शिकायला टोरांटो-व्हँकुव्हरला आहेत, म्हणून हे. तिथे एकत्र राहणं फुकट जात नाही. जोडपं म्हणून सलग १२ महिने एका घरात राहिलात की करखाता आणि इमिग्रेशन तुम्हाला "कॉमन लॉ पार्टनर" धरतात, सही न करता. तिथल्या फॉर्मवर "सिंगल" खूण करून पुढे त्याच माणसाला स्पॉन्सर करायला गेलात, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो आणि पाच वर्षं दार बंद होऊ शकतं. नुसते रूममेट असाल तर हे लागू नाही.

प्रांताप्रांतात पुढचा हिशेब वेगळा. ब्रिटिश कोलंबियात दोन वर्षांनंतर, नातं चालू असताना जमवलेल्या मालमत्तेची वाटणी विवाहितांसारखी. ऑन्टॅरिओत तीन वर्षांनंतर पोटगी मागता येते, पण मालमत्तेची तशी वाटणी नाही. ऑस्ट्रेलियात साधारण दोन वर्षांचा हिशेब. अमेरिकेत थोड्याच राज्यांत हे आहे. टेक्सासमध्ये तर काळाची अटच नाही, लग्न झालंय अशी दोघांची कबुली, एकत्र राहणं आणि लोकांना तसं सांगणं, तीन गोष्टी जुळल्या की लग्न. मालकिणीला मारलेली थाप तिथे किती महाग पडेल बघा.

पण कॅनडाचं हे नातं इथे आल्यावर सावंतवाडीच्या तलाठ्याला दाखवून उपयोग नाही.

बांद्याच्या पलीकडे

तपासणी नाक्यापलीकडे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. लग्न नागरी निबंधकासमोर, दोन टप्प्यांत: आधी इच्छेचं निवेदन, मग ठरलेली मुदत गेल्यावर सह्या. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि तो करार लग्नानंतर बदलता येत नाही. म्हणून गोंयकाराशी लग्न करणाऱ्या आपल्या पोरींनी आणि पोरांनी सही करण्याआधी तिथल्या वकिलाला भेटा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर गोवेकराच्या वारशाला, मालमत्ता भारतात कुठेही असली तरी, गोव्याचाच कायदा लावला.

मात्र पहिली सही करून "झालं लग्न" म्हणत एकत्र राहायला लागू नका. तो अर्धाच रस्ता आहे. आणि तुम्ही दोघंही सिंधुदुर्गातले असून पेडण्यात नुसती खोली घेतलीय, तर गोव्याच्या सामाईक मालमत्तेचा तुमच्याशी काही संबंध नाही.

गाव काय करेल

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा तो विवाह कायदेशीर करणारा कायदा होऊन सदतीस वर्षं झाली होती. तरी दापोलीजवळच्या मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आज बहिष्कार हाच गुन्हा आहे. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीने वाळीत टाकलं, पालखी तुमच्या दारात थांबू दिली नाही, विहिरीवर अडवलं, तर नुसतं रडू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

घरातून निघणार असाल तर निघण्याआधी, "मी सज्ञान आहे, स्वखुशीने जातेय" असं पत्र आपल्या पोलीस ठाण्याला रजिस्टर पोस्टाने पाठवा. वयाच्या दाखल्याची प्रत जोडा, पोचपावती जपून ठेवा. "हरवली" म्हणून तक्रार झाली की त्या पत्राचं मोल कळतं. धमक्या असतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लिहा. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे.

लग्नच करायचं ठरलं, तर

देवळात हार घातले, कपाळाला कुंकू लावलं, फोटो काढला, एवढ्याने हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होतंच असं नाही. दोघांपैकी एकाच्या रीतीप्रमाणे विधी व्हायला हवा. ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर लग्न पुरं. बौद्ध पद्धतीचं लग्नही याच कायद्यात बसतं. १९६५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात "गंधर्व" लग्नाचे विधी सिद्ध झाले नाहीत, म्हणून ते लग्न धरलं गेलं नाही. आणि २०२४ मध्ये न्यायालयाने परत बजावलं की विधी नसताना नुसतं प्रमाणपत्र काढून लग्न होत नाही. तेव्हा "आधी सर्टिफिकेट काढून ठेवू, विधी मागाहून" हे डोक्यातून काढा. विधी झाल्यावर ९० दिवसांत नोंदणी करा. गावात ते काम ग्रामसेवकाकडे असतं.

विधी नको असतील, किंवा धर्म वेगळे असतील, तर विशेष विवाह कायदा १९५४. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती फळ्यावर लागते, ३० दिवस हरकतींसाठी. हरकत घेता येते ती वय, आधीचं लग्न, मनाची स्थिती, निषिद्ध नातं अशाच कारणांवर. "आम्हाला पसंत नाही" हे कारण होत नाही. ३० दिवस संपले की नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. नोटीस फळ्यावर लागते म्हणजे गावात बोभाटा होऊ शकतो, हे धरूनच तारीख निवडा.

इथेही जमिनीची एक मेख आहे. दोघंही हिंदू किंवा बौद्ध असाल तर काही बदलत नाही. पण हिंदू एकत्र कुटुंबातल्या माणसाने या कायद्याने ख्रिस्ती किंवा मुसलमान व्यक्तीशी लग्न केलं, तर तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. हिस्सा जात नाही, पण चुलते "तुझा आता काय संबंध" म्हणायला टपलेले असतात. त्यांना सांगा, विभक्त झालो म्हणूनच वाटप मागतोय.

साक्षीदार तीन लागतात. मुंबईहून मित्र येणार असतील तर कोकणकन्येचं तिकीट निघाल्यावरच तारीख घ्या, आणि तिघांनाही मूळ ओळखपत्रं आणायला सांगा. झेरॉक्स माझ्या बाजूच्या दुकानात निघतात. फक्त दुपारी एक ते चार या वेळेत येऊ नका, तो जेवून झोपलेला असतो.